प्रतिसाद: याकोब हेन्ले म्हणजे फक्त मूत्रपिंड नव्हे
चर्चेत एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हेन्ले यांचं नाव मूत्रपिंडातल्या 'हेन्लेच्या लूप'पुरतंच (तिथल्या सूक्ष्म नळीचा U आकाराचा वळसा) आलंय, म्हणून थोडी भर घालते. तो लूप त्यांनी १८६२ साली दाखवला हे खरंच. पण लघवी दाट करण्यात त्याचं काम काय, याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

मला मात्र त्यांचं त्याआधीचं काम जास्त मोलाचं वाटतं. १८४० साली, साथी दूषित हवेतून पसरतात असं बहुतेक डॉक्टर मानत असताना, बर्लिनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलरांच्या हाताखाली काम करणाऱ्या या तिशीतल्या माणसाने लिहिलं, की संसर्गाचं कारण सजीव असलं पाहिजे. त्यांचा तर्क किती स्वच्छ! रोगाचा कणभर अंश शरीरात शिरतो आणि तिथे वाढत जातो. असं वाढणं विषाला जमत नाही, जिवालाच जमतं. रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो, हा इटालियन संशोधक बास्सींचा शोधही त्यांच्या हाताशी होता. शिवाय तो जीव रुग्णात नुसता दिसून भागणार नाही, वेगळा काढून तपासावा लागेल, हेही त्यांनी बजावलं. ते करायची साधनं तेव्हा नव्हती.

पुढे जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असताना रॉबर्ट कॉख तिथे शिकले, म्हणजे रोगाचे जंतू वेगळे काढून दाखवणारे तेच कॉख. कॉखनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हा हेन्ले हयात होते. १८८५ मध्ये ते गेले. सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींवरचं त्यांचं १८४१ चं पुस्तक हा तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.