पर्सनॅलिटी टेस्टमध्ये खरं लिहायचं की बरं दिसेल ते?

निशिगंध:
एका कंपनीत दोन राउंड झाले आणि आता एचआरने टेस्टची लिंक पाठवलीये, 'मी दिलेली वेळ पाळते', 'अनोळखी लोकांत मी गप्प असते' असली ढीगभर वाक्यं आणि प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत यातलं एक टिक करायचं. कॉलेजात ती स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी टेस्ट (एमबीटीआय) दिलेली तेव्हा आयएनएफपी आलं, परवा सहज परत दिली तर आयएसटीजे! आपणच आपल्याबद्दल सांगायचं आणि त्यावरून नोकरी ठरणार, कितपत खरं मानायचं हे?

टवाळ_कार्टं:
चार अक्षरवाली सोडून दे गं. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स, दोघींनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या थिअरीवरून बनवलीये ती, मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नव्हतं. ते एक वेळ चालेल, पण घोळ असा की मधोमध रेघ मारून अलीकडे आय (अंतर्मुख), पलीकडे ई (बहिर्मुख). बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असतात, दोन उत्तरं हलली की अक्षर बदललं. आणि रिपोर्ट वाचून 'अय्या, अगदी मीच' वाटतं त्यात काही दम नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेऊन प्रत्येकाला त्याचा 'खास' रिपोर्ट दिला, तो किती जुळतो याला पोरांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, आणि मजकूर सगळ्यांना एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला :ड

मितभाषी:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका हो. बिग फाइव्ह प्रकारातल्या टेस्ट खोक्यात टाकत नाहीत, पाच गुणांवर कमी-जास्त स्कोअर देतात आणि काही महिन्यांनी परत दिली तरी तो फारसा हलत नाही. त्यातल्या शिस्त-जबाबदारीवाल्या गुणाचा कामाशी संबंधही दिसतो, लहानसा पण पुन्हा पुन्हा. अडचण नोकरीच्या वेळी येते, कारण तिथे 'मी आळशी आहे' कोण लिहिणार? हे टेस्ट बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या एमएमपीआय या मानसिक तपासणीच्या टेस्टमध्ये १९४३ पासून खोटं पकडायची वेगळी स्केल आहे, 'मला कधीकधी राग येतो' छापाच्या वाक्यांना नाही नाही म्हणत गेलात की ती वर चढते. पण त्याने सगळेच पकडले जातात असं नाही.

रानवाटा:
मला वाटतं खोटं बोलणं हा त्यातला छोटा भाग आहे, प्रामाणिक माणूसही चुकतो. मी नीटनेटकी आहे का? सासरी मी गबाळी आणि ऑफिसात सगळ्यात टापटीप, मग टिक कुठे करू? सिमिन वझीर यांचा २०१० चा अभ्यास आहे, चिंता, मनातली घालमेल याबद्दल आपलं स्वतःचं सांगणं जास्त बरोबर निघतं, पण हुशारी किंवा क्रिएटिव्हिटीचा अंदाज मित्रांचा बरा असतो. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत बघा ना, सायकॉलॉजिस्टच्या लेखी टेस्ट असतात, पण इंटरव्ह्यू घेणारा वेगळा आणि ग्राउंडवर ग्रुपची कामं करून घेऊन बघणारा अधिकारी (जीटीओ) वेगळा, तिघं आपापलं मत बनवतात आणि मग बसून ठरवतात. नुसत्या टिकांवर कोणाला काढून टाकणारी कंपनी असेल तर मला तिचीच शंका येईल.

निशिगंध:
हे सगळं पटलं, पण लिंक उद्या रात्री बंद होतेय, मी काय करू ते सांगा 😭

मितभाषी:
खरं तेच भर, ऑफिसातली तू डोळ्यासमोर ठेवून, घरातली नाही. आणि सरसकट 'पूर्ण सहमत' मारत जाऊ नकोस, बऱ्याचदा तीच गोष्ट पुढे उलटी फिरवून परत विचारलेली असते.