सिनेमा बोलक्या बाळाचा नाही, मॉलीचा आहे

'लुक हूज टॉकिंग' (१९८९) म्हणजे नुसती बोलक्या बाळाची गंमत, असं कुणी म्हटलं, की ते मला पटत नाही. ब्रूस विलिसच्या आवाजात बोलणारं बाळ, मिकी, धमाल आहेच, पण सिनेमा खरा त्याच्या आईचा, मॉलीचा आहे. कर्स्टी अ‍ॅलीने ती फार जीव ओतून केली आहे. विवाहित अल्बर्टपासून दिवस गेल्यावर ती घरच्यांना कृत्रिम गर्भधारणेची थाप मारते. एकट्या आईची ही कोंडी विनोदी सिनेमात इतकी स्पष्ट दिसते, हे मला मोलाचं वाटतं. पुढे ती स्वतःसाठी नवरा नाही, मिकीसाठी बाप शोधत राहते आणि प्रत्येक पुरुषाला त्याच मापाने मोजते. टॅक्सीवाला जेम्स (जॉन ट्रॅव्होल्टा) त्यात बसतच नाही! आजोबांना वृद्धाश्रमात जागा मिळावी म्हणून तो तिचा पत्ता वापरतो आणि त्या बदल्यात बाळ सांभाळतो. ट्रॅव्होल्टा आणि त्या बाळाचे प्रसंग मला प्रेमप्रसंगांहून जास्त आवडतात. (लेखन-दिग्दर्शन एमी हेकरलिंगचं, हेही आवर्जून सांगायला हवं.) शेवटची धावाधाव जरा ओढूनताणून आणलेली वाटते खरी. १९९० च्या दुसऱ्या भागात मात्र पहिल्याची ऊब अजिबात उरलेली नाही.