गोल फळीला सागाची पट्टी वळत नाही, तिसरीही मोडली

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक होतो, आता निवृत्त. सुतारकाम हा धंदा नाही, हौस आहे. चुकाही हौसेनेच करतो.

२०२१ च्या जुलैतल्या पुरात ओट्याखालची सगळी कपाटं गेली. पार्टिकल बोर्डाची होती, चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. फावड्याने उचलून बाहेर टाकली. तेव्हापासून ओट्याखाली पडदे लावून दिवस काढतोय. आता ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणारं, प्लाय आणून कपाटं स्वतःच करायला घेतली आहेत. ओटा संपतो तिथून मागच्या पडवीत जायची वाट आहे आणि त्या टोकाला कोपरा नको, असा हिचा हुकूम. वीस वर्षं तो कोपरा तिच्या कमरेला लागतोय, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. म्हणून तिथे तीन उघड्या फळ्या घेतल्यात, पाव वर्तुळाच्या, १२ इंच त्रिज्येच्या. जिगसॉने कापल्या, कड घासली, इथवर सगळं झकास.

घोडं अडलंय पट्टीवर. १९ मिमी प्लायची कड झाकायला सागाची पट्टी हवी आहे: रुंदी २२ मिमी, जाडी ८ मिमी, लांबी २० इंच. साग वखारीतून आणलेला नाही. आजोळचं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराची चौकट मी मागून घेतली होती, त्यातून पट्ट्या काढतोय. लाकूड माझ्याहून वयाने मोठं आहे.

पहिली पट्टी कोरडीच वाकवली. अर्ध्यात आली आणि कडाडली. दुसरी दोन दिवस टाकीत बुडवून ठेवली. ती ओली होऊन मोडली, एवढाच फरक. तिसरीला मागून हॅक्सॉने अर्ध्या अर्ध्या इंचावर खाचा पाडल्या. वळली! पण वरून पाहिलं तर फळीला कंगवा चिकटवल्यासारखा दिसतो, आणि पुढून गोल नाही, पैलू पैलू. दाबताना एका खाचेत तीही गेली.

आता चौकटीचा एकच तुकडा उरलाय, दोन फूट लांब, ३ इंच बाय अडीच इंच. तो वाया गेला की संपलं. वाफ द्यावी का? घरात तांब्याचा बंब आहे, पण त्याच्या तोंडातून पट्टी आत जात नाही. कुणी हे केलं असेल तर सांगा.

मॉड्युलरवाला, पिंपरी

काका, एवढा त्रास कशाला? २ मिमीचा पीव्हीसी एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टी आणा, सागाच्या रंगात मिळतो. हीट गनने जरा गरम केला की १२ इंचाच्या गोलाईला लोण्यासारखा बसतो. एका फळीला दहा मिनिटं. आम्ही रोज करतो.

वाशिष्ठीकाठचा

दहा मिनिटांचं काम आहे हे मान्य. पण आजोळच्या दारासमोर सागाच्या रंगाचं प्लॅस्टिक? रात्री आजी स्वप्नात येईल.

तिरपी रेघ

मी मेकॅनिकलची, सुतारकाम शून्य. पण पट्टी का मोडते ते सांगू शकते. पट्टी वळते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. ताण किती, तर जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. तुमची जाडी ८ मिमी, त्रिज्या ३०५, म्हणजे ताण साधारण १.३ टक्के. कोरडं लाकूड एक टक्क्याच्या आसपासच हार मानतं. तुम्ही बरोबर त्या रेषेच्या पलीकडे उभे आहात, त्यामुळे पट्टी थोडी वळून आशा लावते आणि मग तुटते. हीच पट्टी २ मिमीची केली तर ताण ०.३३ टक्के, आणि ती हाताने वळेल.

पाण्याबद्दल: नुसत्या भिजण्याने फार काही होत नाही. लाकडाचे तंतू लिग्निनने एकमेकांना धरलेले असतात आणि ते मऊ पडायला ओलावा आणि उष्णता दोन्ही लागतात, साधारण उकळत्या पाण्याइतकी. वाफवलेलं लाकूडसुद्धा दाबायला खूप दबतं, ताणायला मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून वाफेवर काम करणारे बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टा आवळतात, म्हणजे बाहेरची बाजू लांबत नाही, सगळी घट आतल्या बाजूला होते. शिवाय वाफ नुकत्याच कापलेल्या लाकडाला मानवते. इतक्या वर्षांच्या वाळलेल्या सागाकडून मी ती अपेक्षा करणार नाही. आणि कृपा करून कुकरच्या शिट्टीला पीव्हीसी पाईप जोडून प्रयोग करू नका. वाफेने पाईपच आधी वाकतो.

आडवा रंधा

राम राम काका. सातारा. चाळीस वर्षं रंधा ओढला, आता गुडघे बोलतात म्हणून मोबाईलवर बोलतो.

ताईंनी हिशेब बरोबर केला. आम्ही त्याला सुताचा हिशेब म्हणतो. अडीच सुताची, म्हणजे तुमची ८ मिमीची, पट्टी बारा इंचाच्या गोलाला जात नाही, हे सांगायला आमच्या वस्तादांना पुस्तक लागलं नाही, पण ताई, पुस्तकाने सांगितलं तर पोरं ऐकतात.

आता करायचं असं. तो शेवटचा तुकडा हातात घ्या आणि आधी लाकडाच्या तंतूंची रेषा बघा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली पाहिजे. जिथे रेषा कडेतून बाहेर पडते, तिथेच मोडणार, मग तुम्ही वाफ द्या नाहीतर नवस बोला. मग वखारीत नेऊन त्याची एक इंच जाडीची उभी पट्टी काढून घ्या, आणि त्या पट्टीचे तीन इंच रुंदीतून २ मिमीचे पातळ काप काढायला सांगा. पात्याची खाच ३ मिमी धरली तरी पंधरा काप निघतात. तुम्हाला एका फळीला चार थर, तीन फळ्यांना बारा. तीन हाताशी राहतील, आणि निम्म्याहून जास्त तुकडा तसाच उरेल.

काप काढले त्याच क्रमाने नंबर टाकून ठेवा आणि त्याच क्रमाने चिकटवा, म्हणजे जोडाची रेघ वरून दिसली तरी लाकूड एकच वाटतं. जुना साग तेलकट असतो. चिकटवायच्या आधी पॉलिश पेपर मारून थिनरच्या फडक्याने पुसा, लगेच फेविकॉल मरीन लावा. साधा पांढरा नको, किचन आहे.

साचा वेगळा करायची गरज नाही. तुमची फळी हाच साचा. चारही थरांना एकदम फेविकॉल लावून मधोमध धरा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा लांब चिरून संपूर्ण फळीभोवती ताणून गुंडाळा, मधून टोकांकडे. ट्यूब गोलाईवर सगळीकडे सारखी दाबते, हे शिकंजाला जमत नाही. मागचा काटकोन ट्यूब कापेल, तिथे लाकडाचा तुकडा द्या. पट्टी दोन्ही टोकांना इंचभर जास्त ठेवा, वाळल्यावर कापा. पट्टी आणि ट्यूब यांच्यात प्लॅस्टिकचा कागद घाला, हे विसरू नका. माणूस हेच विसरतो. चिपळूणची हवा बघता दोन दिवस सोडू नका.

खाचा पाडणं चूक नाही, पण ते उभ्या कामाला, जिथे मागची बाजू कुणी बघत नाही. फळीची पट्टी वरून दिसते.

चाकाची धाव

एक वेगळा मार्ग. वाकवताय कशाला? बैलगाडीच्या चाकाचा गोल आमच्याकडे कधी वाकवत नसत, वळणाचे तुकडे कापून जोडत आणि वर तापवलेली लोखंडी धाव चढवत. तुमच्या पाव वर्तुळाचे तीन तुकडे करा. प्रत्येकाची आतली सरळ लांबी १५८ मिमी, आणि तेवढ्यात वळण फक्त १० मिमी. ३५ मिमी रुंद फळीतून जिगसॉने निघतात. जोड दिसतात, पण नीट बसवले तर शोभतात.

आडवा रंधा

बरोबर आहे, धाव. जाड पट्टी हवी असती तर मीही हेच सांगितलं असतं. ८ मिमीच्या कामाला तुकडे नाजूक होतात, टोकाला चिरतात.

वाशिष्ठीकाठचा

मंडळी, उशीर झाला, पण झालं एकदाचं.

वखारीतल्या माणसाने जुनं लाकूड पाहिल्याबरोबर नकार दिला. खिळ्याने पातं जातं म्हणाला, आणि ते खरं आहे. मग शाळेतून येताना सोबत आलेला घोड्याच्या नालेचा चुंबक दोऱ्याला टांगून तुकड्यावरून फिरवला. दोन ठिकाणी ओढ लागली. खणून काढले, हाताने ठोकलेले चौकोनी खिळे निघाले. ते त्याच्या टेबलावर ठेवले, मग गडी तयार झाला. पंधरा सांगितले होते, चौदा काप आले, एक फाटला.

पहिली फळी केली आणि, रंधा दादा, प्लॅस्टिकचा कागद विसरलो. तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, तरी. ट्यूब चिकटली. पटाशीने खरवडून काढली, पट्टीवर अजून काळी सावली आहे, ती फळी सगळ्यात खाली लावली. बाकी दोन अशा बसल्यात की जोड शोधायला भिंगच लागेल. ट्यूबा सायकलच्या दुकानातून फुकट मिळाल्या. त्या माणसाने विचारलं, काय करणार? म्हटलं, दार गोल करतोय. त्याने पुढे काही विचारलं नाही.

हिने पॉलिश वाळायच्या आत मधल्या फळीवर लोणच्याची बरणी ठेवली. गोल डाग पडलाय. आता तो घासून काढावा की वरून आणखी एक हात द्यावा?