बातमीच्या काट्यावर सरकारी शिक्का हवा का?

(टीव्ही-रेडिओने वादाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात असा सरकारी नियम हवा का, यावर नाशिककडच्या मंडळींची चर्चा. सीबीएस म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक.)

निफाडकर
डिसेंबर २०२३. कांद्याची निर्यातबंदी आली आणि लासलगावात लिलाव बंद पडले. एका चॅनेलची गाडी आली, पोराने माझ्यापुढे माईक धरला. मी चांगली पंधरा मिनिटं बोललो. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, आता सरळ बंदी, लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, सगळं सांगितलं. रात्री टीव्हीवर माझं एकच वाक्य, 'आम्ही जगायचं कसं?' त्यापुढे मुंबईची भाजी मंडई आणि 'कांद्याने पुन्हा रडवलं'.

अमेरिकेत १९४९ पासून रेडिओ-टीव्हीला नियम होता: वादाचे सार्वजनिक प्रश्न दाखवायचे आणि विरुद्ध बाजूही ऐकवायची. १९८७ मध्ये तो काढला. आपल्याकडे असं काही सुचवलं की लगेच अभिव्यक्तिस्वातंत्र्य आडवं येतं. मग माझ्या पंधरा मिनिटांचं काय? बाजार समितीत काटा कुणाचाही असो, वजनमापेवाल्यांचा शिक्का लागतो. बातमीच्या काट्याला का नको?

सीबीएसचा वकील
अण्णा, चीड समजते, पण औषध चुकतंय. वजनमापेवाला काटा तपासतो, भाव पुकारत नाही. 'दुसरी बाजू पुरेशी आली का' हे ठरवणं म्हणजे भाव पुकारणंच झालं. आणि पुकारणार कोण? ज्यांनी निर्यातबंदी केली तेच. उद्या चॅनेलने तुमची पंधरा मिनिटं अख्खी दाखवली आणि दिल्लीहून पत्र आलं, 'आता आमच्या अधिकाऱ्याला पंधरा द्या', तर चॅनेलवाला पुढच्या वेळी लासलगावला गाडीच पाठवणार नाही.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या बंधनांची यादी आहे. सुव्यवस्था, बदनामी, कोर्टाचा अवमान वगैरे. 'समतोल' त्यात नाही. आणि हा डाव आधी खेळून झालाय. पुण्याच्या 'सकाळ'ला आठवा. पानं किती आणि किंमत किती, हे सरकार ठरवणार होतं. कारण काय, तर छोट्या पेपरांना जागा मिळावी. हेतू गोडच होता. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

तिसरा मजला, गंगापूर रोड
वकीलसाहेब, पेपरचा दाखला टीव्हीला कसा लावता? कागद विकत घेता येतो, प्रसारणाच्या लहरी मर्यादित आहेत आणि त्या जनतेच्या आहेत. १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात सुप्रीम कोर्टानेच हे सांगितलं, आणि त्यातला एक निकाल आपल्या न्या. पी. बी. सावंतांचा. अमेरिकेच्या कोर्टानेही हाच फरक केला. १९६९ मध्ये रेडिओ-टीव्हीसाठीचा नियम उचलून धरला, १९७४ मध्ये पेपरवर उत्तर छापायची सक्ती मात्र फेटाळली.

सीबीएसचा वकील
ताई, तोच निकाल पुढे वाचा. लहरींवर देखरेख सरकारने नव्हे, समाजातल्या सगळ्या घटकांच्या स्वतंत्र संस्थेने करावी असं त्यात आहे. तीस वर्षं उलटली, खाजगी चॅनेलांच्या मजकुराची अंतिम दोरी अजून केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्याच हातात आहे. आधी ती संस्था आणा, मग नियमाचं बोलू. आणि आता केबल, डिश, मोबाइल आल्यावर लहरी अपुऱ्या हे कारण तरी कुठे उरलं?

जुना माईक
निवृत्त आहे म्हणून लिहितो. एका सरकारी रेडिओ केंद्रावर गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडण्यावर चर्चा ठरली होती. नाशिककडचे पाहुणे स्टुडिओत येऊन चहा पीत बसले. मराठवाड्याकडच्यांनी सकाळी फोन करून जमत नाही म्हणून कळवलं. 'एकतर्फी होईल' म्हणून कार्यक्रम रद्द झाला. त्या वेळात द्राक्षावरच्या भुरी रोगाची जुनी टेप लावली. टेप चांगली होती, तक्रार नाही. पण पाण्यावर त्या आठवड्यात कुणीच बोललं नाही, ना इकडचं ना तिकडचं.

अमेरिकेत १९८७ ला रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने नियम काढताना हेच कारण दिलं होतं. दोन्ही बाजू देण्याच्या धास्तीने केंद्रं वादाचा विषयच टाळतात.

तिसरा मजला, गंगापूर रोड
आणि नियम नसताना काय दाखवतात? चौकटीत आठ तोंडं, आठही एकदम. नाशिकच्या खाजगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या द्यायलाच बंदी, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. तेव्हा इतकं स्वातंत्र्य होतं कुठे, जे आता धोक्यात येणार? ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर देखरेख करणारी ऑफकॉम ही संस्था आहे. ते घड्याळ लावून मिनिटं मोजत नाहीत, विषयाला साजेसा निःपक्षपातीपणा मागतात. त्यांच्या टीव्हीवर सरकारवर टीका बंद पडलेली नाही.

पंचवटीकर
'साजेसा' हा शब्द कोण फोडणार ते सांगा. जातपंचायतीवर चर्चा असेल तर दंड ठोकणाऱ्या पंचालाही निम्मा वेळ? २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो काय दोन्ही बाजू समान म्हणून?

तिसरा मजला, गंगापूर रोड
म्हणूनच 'साजेसा' म्हटलं, 'समान' नाही. वाचत जा हो.

सीबीएसचा वकील
मधली एक वाट आहे. १९९२ चा एलआयसी (आयुर्विमा महामंडळ) विरुद्ध मनुभाई शहा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल. शहांनी महामंडळावर टीका केली, महामंडळाने आपल्या मासिकात तिला उत्तर दिलं, शहांचं प्रत्युत्तर मात्र छापेना. कोर्टाने छापायला लावलं. सरकारी पैशावर चालणाऱ्याला ते बंधन ठीक. दूरदर्शनला हे लावा, मी पहिली सही करतो. खाजगी चॅनेलला नको.

निफाडकर
साहेब, मला कुणी शिवी दिली नव्हती, मला वगळलं होतं. वगळल्याला प्रत्युत्तर कसं द्यायचं?

सीबीएसचा वकील
त्यावर केस उभी राहत नाही. हे कबूल.

निफाडकर
मूळ रेकॉर्डिंग त्या पोराकडे मागितलं होतं. म्हणाला, कार्डात जागा नव्हती, उडवलं. आता माझा मुलगा मोबाइलवर शूट करून टाकतो. तीनशे जण बघतात, त्यातले निम्मे आमच्याच शिवारातले, त्यांना काय सांगायचं कांद्याचं.