आईची टेस्ट पॉझिटिव्ह आली हे बिल्डिंगच्या ग्रुपवर सांगितलं, चुकलं का माझं?

निळीशाई:
जरा लांब लिहितेय, कालपासून डोक्यात तेच चाललंय.

आमच्या भागात गेले पंधरा दिवस जिकडेतिकडे खोकला आहे, कोणी नावच घेत नाही, सगळे "व्हायरल आहे" म्हणतात. आईला (वय ७१, शुगर आहे) बुधवारी सकाळी ताप आला, घसा धरला. गुरुवारी घरीच रॅपिड टेस्ट केली तर निगेटिव्ह आली म्हणून मीही निश्चिंत झाले. शनिवारी तिला उठवेचना, परत केली तर दुसरी रेघ लगेच उमटली. कोविड. डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलंय, ऑक्सिजन ठीक आहे.

आता मुद्दा. मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे ताप यायच्या आदल्या दिवशी, आई खालच्या हॉलमध्ये गाण्याच्या सरावाला होती. वीस-बावीस जणी, दोन तास, खिडक्या बंद आणि एसी चालू. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की आईची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, सरावाला ज्या होत्या त्यांनी तब्येतीवर लक्ष ठेवा, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर मास्क लावा. बस्स एवढंच.

त्यावर एकाने लिहिलं आता कोण टेस्ट करतं, दुसऱ्याने लिहिलं परत तेच सुरू करू नका, तिसऱ्या बाईंनी लिहिलं की तुमच्या घरच्यांनी लिफ्ट वापरायची नाही. मग त्या तिघांचंच आपसात जुंपलं आणि आई कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. रात्री एकीचा वेगळा मेसेज आला, "आमच्याकडे तिघं पडलेत पण आम्ही टेस्ट करणार नाही, तुमचं काय झालं ते बघितलं ना." तो वाचून मला फार वाईट वाटलं. त्यात आई माझ्यावर रुसलीय, म्हणते माझं नाव कशाला घातलंस.

येत्या शनिवारी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम आहे, साठ-सत्तर माणसं येतील. गप्प बसावं का बोलावं? आणि सांगितलं ते चुकलं का?

परीक्षानळी:
ताई, सांगितलंत ते बरोबरच केलंत. लॅबमध्ये काम करतो म्हणून टेस्टबद्दल आधी बोलतो, कारण तुमची गुरुवारची निगेटिव्ह घरोघरी होतेय. रॅपिड टेस्टला विषाणू भरपूर लागतो तेव्हाच ती रेघ दाखवते, लक्षणं सुरू झाल्या झाल्या तेवढा नसतो कधीकधी, म्हणून निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी परत करायची असते, पण लोक एकदा करतात, निगेटिव्ह बघतात आणि ऑफिसला जातात. आणि माणूस ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरवत असतो, त्यामुळे तुमचा मंगळवारचा हिशोब अगदी बरोबर आहे. ओमिक्रॉननंतर लागण झाल्यापासून लक्षणं साधारण तीन दिवसांत दिसतात, तेव्हा सरावातल्या कोणाला व्हायचं असेल तर आता दिसायलाच लागलं असेल.

"आकडे तर काहीच नाहीत" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की घरी केलेली टेस्ट बहुतेक वेळा कुठे नोंदवलीच जात नाही. म्हणूनच आता बऱ्याच शहरांत सांडपाण्यात विषाणू मोजतात, तिथे कोणी लपवू शकत नाही.

आणि मेसेज करणाऱ्या त्या बाईंना एक निरोप द्या. घरात कोणी साठीच्या पुढचं, शुगर-हार्टवालं असेल तर टेस्टचा उपयोग आहे, कारण कोविडची अँटीव्हायरल गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत घ्यावी लागते आणि ती बऱ्याच चालू औषधांशी जुळत नाही, डॉक्टरला सगळी यादी दाखवावी लागते. "व्हायरल आहे" म्हणत आठवडा काढला तर ती वेळ निघून जाते.

सूरपेटी:
मी स्वतः समूहगानात आहे म्हणून राहवत नाहीये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली म्हणून भाग आहे, तिथल्या एका गायकवृंदाचा सराव झाला होता १० मार्च २०२० ला. अडीच तास, ६१ जण, एकालाच थोडी सर्दीसारखी लक्षणं होती. त्याला धरून ५३ जण आजारी पडले आणि दोघं गेले. आणि ही बेफिकीर माणसं नव्हती हो, सॅनिटायझर ठेवलं होतं, एकमेकांना मिठ्यासुद्धा मारल्या नव्हत्या. तेव्हा सगळ्यांना वाटायचं हात धुतले की झालं. गाताना आपण केवढा श्वास बाहेर टाकतो, तो सिगरेटच्या धुरासारखा खोलीत तरंगत राहतो, आणि खिडक्या बंद असल्या की साधा एसी तीच हवा फिरवत बसतो.

म्हणून शनिवारचं म्हणाल तर भांडण मास्कवरून करूच नका. खिडक्या-दारं उघडी, पंखे बाहेरच्या बाजूला तोंड करून, शक्य असेल तर गच्चीवर किंवा मोकळ्यावर घ्या. यात कोणाला काही सोडावं लागत नाही म्हणून लोक ऐकतात. आमच्याकडे ऐकलं.

स्पष्टच_सांगतो:
मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपली म्हणून सांगितलं. त्यानंतर जेएन.१ हा नवा व्हेरियंट आला, अजून दोन-चार आले, दरवेळी आठ दिवस गडबड होते आणि विरते. बहुतेकांना लस झालीय, लागण होऊन गेलीय. माझा मुलगा लॉकडाऊनच्या काळात दोन वर्षांचा होता, घरात आम्ही दोघंच, दुसरं मूल त्याने बघितलंच नाही, बोलायला उशीर लागला, वर्षभर थेरपीला नेलं. त्यामुळे "काळजी घ्या"चा मेसेज दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तेव्हाही सुरुवात तिथूनच झाली होती आणि पुढे सगळं बंद झालं होतं.

तुमच्या आईंची काळजी वाटते, खरंच लवकर बऱ्या होवोत. पण दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा त्या वीस जणींना एकेकीला फोन केला असता तर हे झालं नसतं.

निळीशाई:
@स्पष्टच_सांगतो तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. फोनचा मुद्दा पटला, घाईत सुचलंच नाही मला. फक्त एक, आणीबाणी संपली म्हणजे आजार संपला असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नव्हतं, आणि इथे आई समोर धापा टाकत होती.

जुनं_अंगण:
लिफ्ट वापरू नका म्हणणाऱ्या त्या बाईंबद्दल लिहायचंय, कारण मीही तसंच लिहिलं असतं.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. त्याच्या आधी काही महिने आमच्या समोरच्या घरात पहिली केस निघाली होती, दारावर कागद चिकटवला होता, लोक त्यांचा दरवाजा ओलांडताना श्वास धरायचे, मीसुद्धा धरायचे. बरे झाल्यावरही महिनाभर कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. मग बाबांना ताप आला तेव्हा आम्ही काय केलं, तर कोणाला सांगितलं नाही. चार दिवस. कोणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचो. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचो. पाचव्या दिवशी ऑक्सिजन ८४ दिसला आणि मग बेडसाठी धावाधाव. ते चार दिवस गेले नसते तर बाबा वाचले असते का, ह्याचं उत्तर मला कोणी देऊ शकत नाही, मी विचारणं सोडलंय. पण आम्ही आजाराला घाबरून गप्प नव्हतो, समोरच्या दाराला घाबरून गप्प होतो, आणि ते दार तसं करण्यात आमचाही हात होता.

म्हणून तुम्हाला आलेला तो रात्रीचा मेसेज वाचून अंगावर काटा आला. त्या बाईंशी बोला, प्लीज. टेस्ट करा वगैरे नंतर, आधी नुसतं विचारा की काय हवंय, औषध आणून देऊ का.

आणि नावाचं म्हणाल तर तेवढं चुकलंच हो तुमचं. "सरावाला आलेल्या एकीला" एवढं पुरलं असतं. आईला विचारायला हवं होतं.

जुनीपानं:
थोडं विषयांतर. १९१८ च्या फ्लूत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मास्कची सक्ती होती, २१ नोव्हेंबरला ती उठली आणि लोकांनी भर रस्त्यात मास्क काढून फेकले. मग केसेस परत वाढल्या, जानेवारी १९१९ ला सक्ती परत आली आणि तेव्हा मात्र लोक इतके चिडले की मास्कविरोधी लीग काढून सभा घेतल्या. पहिल्या वेळी बहुतेकांनी निमूट ऐकलं होतं. तेव्हाचे मास्क जाळीच्या कापडाचे होते त्यामुळे विरोध करणाऱ्यांचं अगदीच खोटं होतं असंही नाही, आजचा एन-९५ वेगळी गोष्ट आहे. पण "परत तेच नको" हा राग शंभर वर्षांपूर्वीही असाच होता, तुमच्या ग्रुपवरची माणसं काही जगावेगळी वाईट नाहीत.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार. आज बुधवार, थोडं पुढचं सांगते.

जुनं_अंगण, तुमचं वाचून त्या बाईंना फोन केला. टेस्टचा विषयच काढला नाही, सूप आणि तापाच्या गोळ्या दारात ठेवल्या. काल त्यांनी आपणहून सांगितलं की सासऱ्यांची टेस्ट केली, पॉझिटिव्ह आहे, तिसराच दिवस आहे म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. सरावातल्या बाकी जणींनाही एकेक करून फोन केले, पाच जणी आजारी निघाल्या, त्यातल्या दोघींना आपल्याला काय झालंय याची शंकाही नव्हती.

आईची माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आता लिहिलंच आहेस तर बरी होतेय हेही लिही, नावासकट.

शनिवारचा कार्यक्रम गच्चीवर घेताहेत, खिडक्यांचा प्रश्नच मिटला. आईला यायचंय, गाणं बसवलंय ना. ताप चार दिवस नाहीये, पण आज टेस्ट केली तर रेघ अजून फिकट दिसतेय. @परीक्षानळी नेऊ का?

परीक्षानळी:
फिकट असली तरी रेघ ती रेघ, शुक्रवारी परत करा. गेली असेल तर मास्क लावून बाहेरच्या बाजूला खुर्ची टाकून बसू दे. नसेल गेली तर नको, गाणं फोनवर रेकॉर्ड करून वर लावा.