मदत हवी आहे: चराऊ रानात सावलीसाठी कोणती झाडं?

इंदूरजवळ सांवेरकडे आमचं तीन एकर चराऊ रान आहे. सावली म्हणाल तर बांधावरची एकच बाभूळ. मे महिन्यात दुपारी सगळी गुरं तिच्याच बुंध्याशी दाटीवाटीनं उभी, म्हशी तर जीभ काढून धापा टाकतात. गेल्या पावसाळ्यात कडुनिंबाची दहा रोपं लावली, भोवती काट्याही रोवल्या. त्यातली आठ रोपं म्हशींनी अंग घासून मोडली (काट्यांचं त्यांना काय!), उरलेली दोन, काळी माती भेगाळली तेव्हा वाळली. आता करंज लावावा म्हणते, त्याचा पाला गुरं सहसा खात नाहीत. सुबाभूळ झपाट्यानं वाढते, पण पाला जास्त खाल्ला तर त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं गुरांचे केस गळतात. काळ्या मातीत कोणी करंज वाढवलाय का? रोप केवढं घ्यावं, नि किती वर्षं राखावं लागतं?