अनुभव धागा : कॅसेटच्या कव्हरवरच्या जाहिराती

रामबागकर
काल माळा आवरताना आईची कॅसेटची पेटी निघाली. अभंगांच्या एका कॅसेटचं कव्हर उलगडलं. तीन घड्या. तिसरीवर कपडे धुण्याच्या पावडरीची अख्खी जाहिरात, खाली ठिपक्यांची रेघ, 'येथे कापा'. आईनं कूपन कापलेलं. त्यात पाठीमागचा अभंगाचा शेवटचा चरण गेला. तो तिनं टेप थांबवत थांबवत ऐकून शाईच्या पेनानं कडेला लिहून ठेवलाय. 'तुका म्हणे'पासून पुढे तिचं अक्षर.
तुमच्याकडे आहेत का अशी कव्हरं? लिहा.

जेलरोडचा जुना दुकानदार
कूपन घेऊन लोक आमच्याकडेच यायचे हो! बक्षीस साबणवाल्याचं, बोलणी आम्हाला. आणि कव्हर कापलं की कॅसेट बदलून मिळायची नाही. सी-60 वर, म्हणजे तासाभराच्या कोऱ्या कॅसेटवर, गाणी भरून न्यायला येणाऱ्यांचं बरं होतं, कोरा कागद, यादी आपल्या हातानं.

मल्हारगंज मावशी
बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे छोटे प्राणी आठवतात का कुणाला? माझ्याकडे हत्ती होता. बुधवारी रात्री 8 ला रेडिओ सिलोनवर त्यांचीच 'बिनाका गीतमाला', निवेदक अमीन सयानी. 1952 पासून चालू होतं ते. पुढे सिबाका झालं, आम्ही बिनाकाच म्हणायचो.

तिहाई
मला या जाहिरातींचा राग आहे. बाबांनी इथल्याच एका भजनाच्या कॅसेटला तबला वाजवला. कव्हरवर अर्धी घडी उदबत्तीची, साथीदारांची नावं कुठेच नाहीत. दोन ओळींची जागा लागली असती! पाहुण्यांना ऐकवताना लग्गी, म्हणजे तबल्याचे जलद बोल, सुरू झाली की बाबा बोट वर करायचे. हा मी.

जेलरोडचा जुना दुकानदार
@तिहाई वाईट वाटलं. गिऱ्हाईक विचारायचं, तबला कोणाचा? आम्ही काय सांगणार, छापलेलंच नसायचं.

पलासियाकर
आमच्या वेळी कव्हरच नाही भिया. 2013 ला अमेरिकन रॅपर जे-झीच्या अल्बमच्या 10 लाख प्रती सॅमसंगनंच घेतल्या आणि आपल्या फोनवाल्यांना ॲपमधून फुकट वाटल्या. कापायला कागदच नाही.

मल्हारगंज मावशी
रविवारी आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला कोण कोण आहे? माझ्याकडे एक जागा जास्तीची आहे.

तिहाई
मी येते मावशी. @रामबागकर, त्या अक्षराचा फोटो टाक ना.

रामबागकर
टाकते संध्याकाळी. आत्ता लावली कॅसेट. दोनदा गुंतली, पेन्सिलनं सोडवली. शेवटच्या चरणात आईनं एक शब्द वेगळाच ऐकला होता. तसाच राहू देणार आहे.

जेलरोडचा जुना दुकानदार
पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात टेपला बुरशी धरते.